मामा, तो विरोध तुमचा नव्हता

सोपानमामा, तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. गुरुजींनी पिंड ठेवून मागे सरकायचा अवकाश, समोरच्या फांदीवरून एक कावळा उतरला, त्याने भाताची दोन शितं उचलली आणि निघून गेला. लोणीच्या नदीकाठी जमलेल्या मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. "दादाचं कायबी राहिलं न्हवतं," तुमचा धाकटा भाऊ म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पण मामा, मी एक वाक्य तयार ठेवून आलो होतो.

कावळा शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिली असं धरतात, आणि मग घरचे एकेक करून शब्द देतात, हे मला माहीत होतं. असल्या गोष्टींवर मी उभ्या आयुष्यात विश्वास ठेवला नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तरी कोथरूडहून लोणी काळभोरपर्यंत गाडी चालवत येताना मी ते वाक्य चार वेळा म्हणून पाहिलं. "मामा, सुनीताला फोरमन करतो." कावळा घोटाळला की पुढे व्हायचं आणि बोलून मोकळं व्हायचं, असं ठरवलं होतं. चारचौघांत दिलेला शब्द मला नंतर फिरवता आला नसता. तुम्ही तेवढीही संधी दिली नाहीत. तुमचं काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते माझं, आणि माझ्यासाठी कावळे थांबत नाहीत.

आज तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले. शोकसभा आपल्या शॉपमध्येच घेतली होती. कोणी म्हणालं, मामा देवमाणूस होते. तुम्ही देवमाणूस मुळीच नव्हता. तुम्ही हटवादी होता, तिरकस होता, आणि चहात साखर कमी पडली तर कप न बोलता तसाच ठेवून देणारे होता. मलाही बोलायला उभं केलं. एरवी माइक हातात आला की मी थांबता थांबत नाही, त्या दिवशी दोन वाक्यांत खाली बसलो. लोकांना वाटलं, साहेबांना भरून आलं. भरून आलं होतंच, पण बसलो ते त्यामुळे नाही. तुमच्याबद्दल इतकी वर्षं जी गोष्ट मी सांगत आलो ती खरी नाही, हे तिथे उभा राहिल्यावर मला पहिल्यांदा नीट जाणवलं, आणि खरी गोष्ट सांगायचा मला सराव नव्हता. तो सराव आज करतो आहे.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतलं आपलं हे शॉप, फवारणीच्या पंपांना लागणारे पितळी नोझल करणारं. वडिलांनी सुरू केलं तेव्हा तुम्ही टर्नर म्हणून आलात. मी मॅनेजमेंट शिकून आलो तेव्हा तुम्ही फोरमन होता. मला पहिल्या आठवड्यात खटकली ती एक गोष्ट. शॉपमध्ये लेथ ज्याचा त्याचा असे. कागदोपत्री सगळे आमचे, पण खाली कोणालाही विचारलं तर हा बबनचा, तो सय्यदचा, खिडकीजवळचा मामांचा. बबन रजेवर गेला तर त्याच्या लेथला कोणी हात लावत नसे, आणि लावायचीच वेळ आली तर आधी बबनच्या घरी फोन जाई. खंडेनवमीला ज्याने त्याने आपला लेथ धुऊनपुसून घ्यायचा, बायकोमुलांना घेऊन यायचं, झेंडूची माळ घालायची आणि नारळ फोडायचा. वडील नुसते प्रसाद खात या लेथवरून त्या लेथवर हिंडायचे. मला हे सगळं गावच्या जत्रेसारखं वाटे. मी तसं तुम्हाला बोलूनही दाखवलं होतं. "जत्रंला मान्सं आपनहून येत्यात, सायेब," तुम्ही म्हणाला होता. ते उत्तर आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

वडील गेले, आणि दोन वर्षांत मी पहिलं सीएनसी मशीन आणलं. हाताने चाकं फिरवायची नाहीत, आकडे भरायचे, दार लावायचं, मशीन आपलं आपण कापतं. आणलं ते नेमकं नवरात्रात. खंडेनवमीला मी कोथरूडहून गुरुजी घेऊन आलो, वसुधाने नवी साडी नेसली, आणि त्या मशीनची पूजा आम्ही दोघांनी केली. मग मी छोटंसं भाषण ठोकलं. म्हणालो, "हे मशीन मला पोटच्या पोरासारखं आहे. त्याला जिवापाड जपा."

मामा, लोकांनी जपलं. माझा शब्द त्या शॉपमध्ये इतक्या काटेकोरपणे त्याआधी कधी पाळला गेला नव्हता आणि त्यानंतरही नाही. रोज सकाळी कोणीतरी मशीनवरचं प्लॅस्टिक झटकून पुन्हा नीट पांघरी. चार महिने ते मशीन नव्या नवरीसारखं डोक्यावर पदर घेऊन उभं होतं. मशीन कंपनीचा इंजिनिअर शिकवायला आला की ज्यांची नावं दिली होती त्यांची पोटं दुखत. त्या वर्षी बबनच्या नात्यात जेवढी लग्नं झाली तेवढी एका तालुक्यात होत नसतील. आणि तुम्ही, मामा, तुम्ही रोज सकाळी वर माझ्या केबिनमध्ये येऊन शांतपणे सांगत होता, "त्ये मशीन चांगलं हाय सायेब, पन त्ये तुमचं हाय."

मी याला विरोध म्हणालो. मॅनेजमेंटच्या पुस्तकात तोच शब्द होता. पुस्तकात असंही होतं की अशा विरोधामागे एक म्होरक्या असतो. तो म्होरक्या कोण, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मग मी सल्लागार बोलावला. तो तुम्हाला आठवत असणार, कारण त्याची नक्कल तुम्ही पुढे कित्येक वर्षं करायचात. पडद्यावर चित्रं दाखवून झाल्यावर त्याने सगळ्यांना हाताची घडी घालायला लावली. मग म्हणाला, आता उलटी घडी घाला, खालचा हात वर घ्या. सगळे चाचपडले. "बघा, अवघडल्यासारखं वाटलं ना? बदल म्हणजे एवढंच असतं. दोन दिवसांत सवय होते." लोक हसले. मीही खूश झालो. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होता. हाताची घडी तशीच ठेवून तुम्ही विचारलं, "घडी चुकली तर परत घालता येती. मशीन चुकलं तर काय करायचं?" सल्लागार म्हणाला, "मामा, सकारात्मक विचार करा." तुम्ही मान डोलावली आणि बाकीचा तास खिडकीबाहेर बघत काढला.

मला तुमचा राग आला होता. खरा राग. चार महिन्यांत कोणालाच विचारता न आलेला प्रश्न अख्ख्या शॉपच्या वतीने तुम्ही विचारलात, आणि मला वाटलं तुम्ही कार्यक्रम बिघडवलात. त्या संध्याकाळी मी वसुधाला म्हणालो की या माणसाला आता घरी बसवायला हवं. ती म्हणाली, "प्रश्न तर बरोबर विचारला की त्यांनी."

पुढच्या आठवड्यात तुम्ही वर आलात आणि म्हणालात, "मी बसतो त्या मशीनवर." मला वाटलं, जिंकलो. तुमचा खिडकीजवळचा लेथ तुम्ही सय्यदच्या हाताखालच्या माणसाला दिलात. वीस वर्षं त्या लेथला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. देताना तुम्ही त्याला फक्त एवढंच सांगितलंत की तिसऱ्या गियरला जरा दमानं घे. मग स्टूल ओढून त्या इंजिनिअरच्या शेजारी जाऊन बसलात. तो तुमच्या थोरल्याच्या वयाचा. तो "हे बटन नाही काका, ते" म्हणायचा आणि तुम्ही सगळ्यांदेखत "ह्ये व्हय?" म्हणायचात. खरं सांगतो, मला वरून ते बघवत नसे. ज्या माणसाने नुसत्या आवाजावरून सांगावं की टूल बोथट झालंय, तो चष्मा कपाळावर चढवून एकेक बटन शोधत होता, आणि ते लपवत नव्हता. उलट मोठ्याने विचारत होता. मामा, मी त्या वेळी जेवढा शिकलेला होतो त्याच्या दुप्पट शिकलो असतो तरी ते मला जमलं नसतं.

आणि चौथ्या दिवशी तुम्ही मशीन आदळलंत. मी जिना उतरत होतो. तुम्ही आकडे भरलेत, दार लावलंत, हिरवं बटन दाबलंत, आणि टूल सरळ जाऊन पितळ पकडून फिरणाऱ्या चकवर बसलं. तो आवाज शॉपमधल्या प्रत्येकाने ऐकला. सगळे लेथ बंद झाले. तुम्ही लाल बटन दाबलंत, दार उघडून आत बघितलंत आणि वळून म्हणालात, "मोडलं."

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर होतो आणि माझी दातखीळ बसली होती. मला ओरडायचं होतं. काय ओरडायचं तेही ठरलं होतं, त्यात तुमचं वय होतं आणि माझे वडील होते. पण घशातून आवाजच फुटेना. तेवढ्यात तुम्ही अगदी रोजच्या सुरात म्हणालात, "सायेब काय बोलत न्हाईत. चला, चहा घेऊन या कुनीतरी." इंजिनिअरने कपाटातून नवा टूल होल्डर काढला. तासाभरात मशीन पुन्हा चालू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बबन तुमच्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, सरका जरा, बघू द्या." त्या वर्षी त्याच्या नात्यातली लग्नं एकाएकी संपली.

माझा आवाज फुटला नाही याला लोकांनी मनाचा मोठेपणा समजलं. तो तुम्ही त्यांना तसा समजावून दिलात. तुम्हाला माझा चेहरा दिसत होता. तुम्हाला पक्कं ठाऊक होतं मी काय बोलणार होतो.

पुढच्या खंडेनवमीला तुम्ही मला म्हणालात, "यंदा तुमी हात लावू नका." मी रुसलो. दारात उभा राहून बघत होतो. त्या मशीनला माळ बबनच्या बायकोने घातली, आणि बबनने नारळ फोडताना त्याचं पाणी थेट माझ्या बुटावर उडवलं. मी प्रसाद खात हिंडलो. वडील का हिंडायचे ते मला तेव्हा थोडंसं समजलं.

तो कपाटातला टूल होल्डर तिथे कसा होता, हे मला दोन वर्षांनी कळलं. तोच इंजिनिअर दुसऱ्या मशीनसाठी आला होता. तो म्हणाला, काकांनी आदल्या दिवशी विचारलं होतं की यात सगळ्यात आधी काय मोडतं आणि लगेच बदलता येईल असं काय आहे. मग त्यांनीच तो मागवून ठेवायला लावला. मी तसाच तुमच्याकडे आलो. विचारलं, "मामा, तुम्ही मुद्दाम आदळलंत?" तुम्ही म्हणालात, "नव्या मान्साची चूक हाय ती सायेब, त्यात काय इचारायचं." नंतर मी हा विषय किती वेळा काढला असेल. गाडीत काढला, तुमच्या मुलीच्या लग्नात पंगतीत काढला, दवाखान्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी बांधलेली असताना काढला. प्रत्येक वेळी नवा माणूस आणि चूक. मला सोळा आणे खात्री आहे की ते मुद्दाम होतं. तुम्ही कबूल केलं असतंत तर तुमचं काय गेलं असतं, असं मी चिडून म्हणायचो. आता वाटतं, तुम्ही कबूल केलं असतंत तर मी तेही कुठल्यातरी सभागृहात सांगून टाळ्या घेतल्या असत्या.

कारण मी गोष्ट सांगत सुटलो होतो ना. उद्योजकांच्या मेळाव्यात मला विषय मिळाला होता, बदलाला होणारा विरोध मोडून कसा काढावा. माझ्या गोष्टीत एक अडेलतट्टू फोरमन असे. मालक दूरदृष्टीचा. मालकाने संयम ठेवून फोरमनला मशीनवर बसवलं, फोरमनने पहिल्याच फटक्यात ते मोडलं, आणि मालकाने एक अक्षरही न बोलता त्याला चहा पाजला. इथे टाळ्या पडत. हाताची घडी तुम्ही घालून बसला होता ते मी करून दाखवत असे. तिथे हशा पडे.

एकदा कोथरूडच्या सभागृहात त्यांनी तुम्हालाही बोलावलं, शाल-श्रीफळ द्यायला. तुम्ही इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता आणि मी व्यासपीठावरून तुमची ओळख करून दिली, "हे आमच्या शॉपमधले सगळ्यात मोठे विरोधक." तुम्ही उठून नमस्कार केलात. लोक हसले, तुम्हीही हसलात. परतताना मी तुम्हाला हडपसरपर्यंत सोडायला निघालो. स्वारगेटच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मांडीवरच्या शालीची घडी नीट करत तुम्ही म्हणालात, "गोष्ट चांगली सांगता तुमी. फकस्त त्यात मी जरा येडा दिसतो." मी म्हणालो, "लोकांना हसवावं लागतं हो मामा." सिग्नल सुटला. मी गाडी पुढे काढली.

त्या जागी माफ करा म्हणायचं असतं. दोन शब्द. त्यानंतर बारा वर्षं तुम्ही माझ्यासमोर होता, रोज, आणि मला ते जमलं नाही. ती गोष्ट मी त्यानंतरही सांगितली. खालच्या प्रत्येक माणसाला खरं काय झालं ते ठाऊक होतं, आणि तुमच्याकडे बघून त्यांच्यापैकी कोणीही मला ते सुनावलं नाही. मामा, मी चुकलो. तुम्ही त्यात वेडे दिसत होता आणि मी शहाणा, आणि मला ते आवडत होतं.

सुनीताच्या वेळी मी तोच खेळ उलट्या बाजूने खेळलो. आयटीआय झालेली मांजरी गावची मुलगी, तुमच्या ओळखीची ना पाळखीची. दाराशी अर्ज घेऊन उभी होती आणि तुम्ही तिला थेट वर घेऊन आलात. मी म्हणालो, आपल्याकडे बायकांची सोय नाही. पुढच्या सोमवारी मागची अडगळीची खोली रिकामी झाली होती, लोणीहून तुम्ही आणलेला प्लंबर तिथे संडासाचं भांडं बसवत होता, आणि दाराला आतून कडी लागली होती. "सोय झाली," तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, तिला उशीर झाला तर जबाबदारी कोणाची. तुम्ही तिची वेळ बसच्या वेळेला लावून दिलीत. मी म्हणालो, माणसं काय म्हणतील. तुम्ही म्हणालात, "मान्सांना मी इचारलंय. तुमीच तेवढं राहिलाय." शेवटी मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. मला वाटतं तुमची सगळी पद्धत एवढीच होती. तुम्ही कोणाचं मन वळवायला जात नसा. माणूस ज्याला घाबरतो ती एकेक गोष्ट तुम्ही मुकाट्याने वाटेतून बाजूला करत जायचात, आणि मग तो आपल्याच पायांनी पुढे यायचा. यावर मी एकही पुस्तक वाचलेलं नाही.

आज आपल्याकडची अवघड नोझल जिच्या हाताखालून जातात ती सुनीता. तुम्ही निवृत्त झालात त्याला तीन वर्षं झाली. तरी दर मंगळवारी डबा घेऊन यायचात, एक चक्कर मारायचात आणि वर येऊन म्हणायचात, "सुनीताला फोरमन करा." फोरमनची जागा मी भरली नव्हती. स्वतःच खाली उतरून सगळं बघत होतो, आणि वसुधाला सांगत होतो की माणूसच मिळत नाही. तुम्हाला सांगत होतो की लोक बाईचं ऐकणार नाहीत.

शेवटच्या मंगळवारी तुम्ही विचारलंत, "लोक ऐकायचे न्हाईत का तुमी सोडायचे न्हाई?" मी कागदातून मान वर न काढता म्हणालो, "मामा, तुम्ही आता निवृत्त झालात. हे माझ्यावर सोडा." तुम्ही डब्याचं झाकण लावलंत, पिशवी उचललीत. "बरं. सोडलं," म्हणालात आणि जिना उतरून गेलात. चहा घेतला नाहीत. मला वाटलं, पुढच्या मंगळवारी येतील तेव्हा बघू. रविवारी सकाळी तुमच्या थोरल्याचा फोन आला, की अंघोळीला पाणी काढता काढता बसले आणि उठलेच नाहीत.

हे "सोडलं" मला सोडत नाही. तुम्ही रागावून म्हणाला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही ते मला अगदी सरळ, काम हातात द्यावं तसं देऊन गेलात.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शॉपमध्ये सगळ्यांना एकत्र केलं आणि सांगितलं की आजपासून सुनीता फोरमन. मी बरीच तयारी करून गेलो होतो. कोण कुरकुरेल, त्याला काय उत्तर द्यायचं, सगळं. कोणी काहीच बोललं नाही. शेवटी मीच बबनला विचारलं, कारण आता तोच सगळ्यात जुना. "बबन, तुला काही म्हणायचंय?" तो जरा ओशाळून म्हणाला, "सायेब, आमी तिलाच इचारतो. दोन वर्सं झाली. तुमी खाली आला की तेवढं तुमाला इचारतो."

मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि दोन्ही त्यांच्यासमोरच आलं. तुम्ही असतात तर चहा मागवला असता. त्या दिवशी कोणी मागवला नाही.

सुनीता नंतर वर आली. आभार वगैरे मानले नाहीत. म्हणाली, "सर, एक अट आहे. पहिला महिना तुम्ही खाली यायचं नाही." मी विचारलं, म्हणजे काय. ती म्हणाली, "तुम्ही खाली आलात की सगळे तुम्हाला विचारतात, आणि तुम्ही उत्तर देता. मग मी काय करू? काही अडलं तर मी वर येईन." मी म्हणालो, शॉप माझं आहे. ती म्हणाली, "हो सर," आणि उभी राहिली. अगदी तुमच्यासारखी. मी हो म्हणालो.

आज नववा दिवस आहे, मामा. तुम्हाला खरं सांगू का, फार जड जातंय. सकाळी येतो, जिना चढून सरळ केबिनमध्ये जातो, दार लावतो. कान खालीच असतात. हे लिहीत असतानाच मधे एक मशीन बंद पडलं. कोपऱ्यातलं, आवाजावरून कळलं, एवढं तर तुम्ही मला शिकवलंत. मी उठलो. दाराच्या कडीला हात घातला. खाली कोणीतरी काहीतरी म्हणालं, सुनीता काहीतरी म्हणाली, मग पाने खणखणल्याचा आवाज आला. मी परत येऊन खुर्चीत बसलो आणि घड्याळाकडे बघत राहिलो. वीसेक मिनिटांनी मशीन पुन्हा सुरू झालं. मला बोलवायला कोणी वर आलं नाही.